खालची ओळ

एखादं वाक्य कुणाचं आहे हे त्याच्याखाली लिहायला फार तर अर्धी ओळ लागत असेल, असं मला वाटत होतं. त्या अर्ध्या ओळीपायी दोन अर्ज झाले, सरकारी माणूस बाटली घेऊन घरी आला, आणि एका भल्या माणसाच्या अठ्ठावीस वर्षांचं काय करायचं हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणून सांगतो, वाक्य उतरवून घ्यायचं असेल तर त्याच वेळी खालची ओळही घ्या. मागाहून ती फार महागात पडते.

माझा धंदा पाट्या आणि भिंती रंगवण्याचा. चाळीस वर्षं अक्षरं माझ्या हाताखालून गेली, डोक्यातून एकही गेलं नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं, मी त्यातल्या आकृत्या भिंतीवर मोठ्या करून उतरवायचो. वाचायला शिकलो त्रेसष्टाव्या वर्षी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बाईंच्या वर्गात. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आम्हा तेरा म्हाताऱ्यांना त्यांनी अशी अक्षरं शिकवली, की आमच्यातला सर्वांत आडदांड ट्रकवालासुद्धा उशीर झाला तर दाराबाहेर उभा राहून 'आत येऊ का?' विचारायचा.

वाचता यायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे हिंडून माझ्याच भिंती वाचल्या. चाळीस वर्षं आपण काय बोलत होतो ते तेव्हा कळलं. एक मजकूर मी इतक्या ठिकाणी लिहिला होता, की तो कुणा फार मोठ्या माणसाचं नाव असावं अशी माझी समजूत होती. तो निघाला 'येथे थुंकू नये'. पण बाकी पुष्कळ चांगलं होतं. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळ्यांच्या भिंतींवर सुविचार होते. मी ते वहीत उतरवत गेलो. एकशे सत्त्याऐंशी भरले.

त्यातच कळलं की बाई मुलीकडे राहायला चालल्या आहेत, कायमच्या. वर्गाचा शेवटचा दिवस महिनाअखेरचा शनिवार. मी ठरवलं, या वहीचं छोटं पुस्तक करायचं, शंभर प्रती छापायच्या, आणि पहिली प्रत बाईंच्या हातात द्यायची. ज्यांनी मला वाचायला शिकवलं, त्यांना मी काहीतरी वाचायला द्यायचं. वही आधी त्यांनाच दाखवली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पेंटर, हे कुणी म्हटलंय?"

"भिंतीवर आहे, बाई."

"भिंत बोलते का?"

"नाही, बाई."

"मग कोण बोललं ते खाली लिहा. कुठं सापडलं, कधी सापडलं तेही. ज्याचं वाक्य त्याचं नाव. नाहीतर ती उचलेगिरी." त्यांनी वही मिटली. "तसं पुस्तक असेल तर मी घेईन. नसेल तर फुलं द्या, फुलांना स्रोत विचारत नाहीत."

आता खरं सांगायचं तर नावं भिंतींवर होती. पण थोर माणसांची नावं जोडाक्षरांनी खच्चून भरलेली असतात, आणि वही लिहिली तेव्हा माझा जोडाक्षरांचा धडा झाला नव्हता. वाक्यांतली एखाददुसरी मी नुसती आकृती म्हणून उतरवली, नावं मात्र सोडून दिली होती.

घरी ही गोष्ट काढली मात्र, सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारी आवकजावक राहतात. कचेरीत ते जन्मभर आवक-जावक रजिस्टर सांभाळत होते. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही कागद काढून बघावं लागतं. ते म्हणाले, "पेंटरसाहेब, याची पद्धत असते. आडनाव आधी. स्वल्पविराम. मग नाव. मग कंस, कंसात साल, कंस बंद, पूर्णविराम."

"कंस बंद करायचा राहिला तर?"

"तर पुढचं सगळं पुस्तक कंसात जातं," ते गंभीरपणे म्हणाले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मेहुण्याचा सल्ला सोपा होता. "दाजी, सगळ्यांच्या खाली 'एक विचारवंत' लिहून टाका. विचारवंत काही तक्रार करायला येत नाहीत."

सूनबाई कचेरीत कॉम्प्युटरवर काम करते. तिनं टंकायचं पत्करलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त जे आहे ते सांगा. मी रकाने करते. कॉम्प्युटर आपोआप क्रम लावतो." माझ्याकडे होत्या त्या भिंतीच. त्या मी सांगितल्या. कॉम्प्युटरनं आवकजावकांच्या पद्धतीनं आडनाव आधी घेतलं आणि क्रम लावला. कागद हातात आला त्यावर होतं: 'भिंत, दवाखाना. भिंत, पाणीपुरवठा. भिंत, शाळा (मागची).' अशी दहा पानं.

आवकजावकांनी कागद लांब धरून वाचला. "या भिंत घराण्यात विद्वान फार झाले," ते म्हणाले.

तेव्हा मी वही काखोटीला मारून पुन्हा भिंतींकडे निघालो. सुरुवात पाणीपुरवठा कार्यालयापासून केली, कारण ते जवळ आहे. तिथल्या मोठ्या खोलीत, तक्रारीच्या खिडकीच्या बरोबर समोर, मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं: 'राग येणे हा स्वभाव, राग गिळणे हे शिक्षण.' पाणी आलं नाही म्हणून भांडायला येणाऱ्यांसाठी ती जागा साहेबांनी मुद्दाम निवडली होती. वाक्याखाली मधोमध टायरवाल्या शेठजींचं नाव होतं. तेवढं मी लगेच वाचलं आणि मान डोलावली, कारण शेठजी विचारवंत आहेत हे सगळ्यांनाच माहीत आहे. शाळेच्या बक्षीस समारंभाला त्यांनाच बोलावतात. पण भिंतीच्या तळाच्या पट्टीत आणखी एक ओळ होती, आणि तिच्यापुढे लोखंडी कपाट उभं होतं.

"कपाट जरा सरकवता का?" मी कारकुनाला विचारलं. "खालचं वाचायचंय."

"कपाट नोंदीवर आहे," तो म्हणाला. "नोंदीवरची वस्तू हलवायची तर अर्ज लागतो."

आवकजावकांनी मोठ्या उत्साहानं अर्ज लिहून दिला. विषय: 'आपल्या कार्यालयातील वाक्याचा स्रोत तपासणेबाबत'. चार दिवसांनी सकाळी दार वाजलं. दारात खाकी पिशवी घेतलेला एक माणूस.

"स्रोत कुठाय?" त्यानं विचारलं.

मी घरात नव्हतो. बायकोनं त्याला स्वयंपाकघरातला नळ दाखवला. त्यानं बाटली भरली, बूच लावलं, बायकोची सही घेतली आणि गेला. आठवड्यानं दाखला आला, की आमच्या घरचं पाणी पिण्यास योग्य आहे. मी वैतागलो. बायकोनं मात्र तो दाखला दर्शनी भिंतीला लावला. "तीस वर्षं संसार केला," ती म्हणाली, "या घरातल्या एका तरी गोष्टीला कुणी योग्य म्हटलं का?"

दुसऱ्या अर्जात 'स्रोत' हा शब्द कटाक्षानं टाळला. आता विषय होता 'कपाट सरकवणेबाबत'. कारकुनानं अर्ज वाचला, कपाटाकडे बघितलं, आपल्या कमरेला हात लावला आणि म्हणाला, "त्यापेक्षा फाईल हलकी पडेल." तो आत गेला आणि धूळ झटकत त्या भिंतीची जुनी फाईल घेऊन आला. त्यात टाचणीला लावलेली चिठ्ठी होती, मला दिलेल्या चिठ्ठीची कचेरीतली प्रत.

मी बाकावर बसलो आणि बोट ठेवून वाचू लागलो. आधी वाक्य. त्याखाली एका थोर पुरुषाचं लांबलचक नाव, पुढे दोन पदव्यांसकट. त्याखाली टायरवाले शेठजी.

मी चिठ्ठीकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. दोघांचं पटत नव्हतं.

मग हळूहळू उजेड पडला. त्याचं असं आहे, की सुविचाराखाली आमच्या धंद्यात दोन जागा असतात. वाक्याखाली मधोमध एक आखूड जागा, आणि तळाला लांब पट्टी. पट्टीच्या सुरुवातीला 'सौजन्य' हा शब्द लागतो. तो इतक्यांदा लागायचा की मी त्याचा पत्र्याचा साचाच करून ठेवला होता. साचा लावायचा, रंग मारायचा. चिठ्ठीवर दोन ओळी असायच्या, पहिली म्हणणाऱ्याची, दुसरी खर्च करणाऱ्याची. ते मला कोण सांगणार? मी एवढंच बघायचो की कुठली ओळ आखूड आणि कुठली लांब. आखूड ती मध्ये, लांब ती पट्टीत. भिंत कशी तोलून दिसायची! माझं कामच त्यासाठी नावाजलेलं होतं.

म्हणजे ते वाक्य शेठजींच्या नावावर गेलं होतं. आणि कपाटामागे, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या एका थोर पुरुषाच्या सौजन्यानं पाणीपुरवठ्याची भिंत रंगली होती.

"कुणाच्या लक्षात कसं आलं नाही हो?" मी कारकुनाला विचारलं.

त्यानं फाईल चाळली. "इथं शेरा आहे. काम अक्षरं मोजून ताब्यात घेतलं. अक्षरं बरोबर भरली."

"वाचलं नाही?"

"वाचायचं कलम नव्हतं."

घरी येऊन मी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. तिच्यात माझ्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. ज्याला वाचता येत नाही तो कागद टाकत नाही. काय सांगावं, महत्त्वाचा निघायचा. मी, सूनबाई आणि आवकजावक दोन दिवस चिठ्ठ्या आणि भिंती ताडून बघत होतो. एकतीस भिंती उलट्या निघाल्या. 'दुसऱ्याचे दोष पाहू नका' हे चष्म्याच्या दुकानदाराच्या नावावर होतं. 'आतून शांत असतो तोच खरा' हे सोडावॉटरच्या कारखान्याच्या. 'तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करा' असं दातांचे डॉक्टर म्हणाले होते, तेही स्वतःच्याच दवाखान्याच्या दारावर. त्यांच्याकडे गर्दी का नसते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

मेहुणा म्हणाला, "दाजी, झाकली मूठ ठेवा. बाईंना काय कळणार?"

"मला कळलंय ना," मी म्हणालो. हे बोलताना मान ताठ ठेवली होती, पण आतून पार खचलो होतो. ज्या अक्षरांसाठी लोक माझा हात धरून कौतुक करायचे, त्यांनी माझं असं हसं करावं?

बायको भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमच्या हातून झालंय, तुमच्याच हातून निस्तरा. शेठजींकडे आधी जा."

सोमवारी गेलो. शेठजी गल्ल्यावर बसले होते, नेहमीसारखे शांत. मागे टायरांची उतरंड.

"शेठजी, एक चूक झालीय माझ्या हातून." मी चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होतो. सांगून झाल्यावर वर बघितलं. शेठजींचे ओठ थरथरत होते.

"म्हणजे ते वाक्य माझं नाही?"

"नाही, शेठजी. माफ करा."

"नक्की? कागदोपत्री?"

"ही चिठ्ठीच आहे."

शेठजी गल्ल्याला वळसा घालून आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. "पेंटर! सोडवलंस रे मला! अरे, मी असलं काही म्हटल्याचं मला कधीच आठवत नव्हतं. पण भिंतीवर नाव बघितलं. म्हटलं, बोलून विसरलो असू. घरी बायको म्हणाली, इतकं छान बोललात आणि आता वागणार नाही? त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षं मी रागावलेलो नाही!"

"एकदाही नाही?"

"जावयानं माझी नवीकोरी गाडी तळ्यात घातली. मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, पाणीपुरवठ्यात काय लिहिलंय? मिटलं तोंड." त्यांनी डोळे पुसले. "छाप तू. ठळक छाप. शनिवारी कार्यक्रमाला मी येणार आणि सगळ्यांसमक्ष रागावणार."

"कुणावर?"

"यादी करतो," शेठजी म्हणाले, आणि खरोखरच वही ओढून बसले.

मी हवेत तरंगत घरी आलो. मंगळवारी सकाळी शेठाणी आल्या तेव्हा जमिनीवर उतरलो. आवकजावक आमच्याकडे चहाला बसलेच होते. शेठाणींनी चहाकडे बघितलंही नाही.

"भाऊजी, त्या पुस्तकात यांचं नाव खोडायचं नाही."

"वहिनी, ज्याचं वाक्य त्याचं नाव. बाईंनी सांगितलंय. उद्या छापखान्यात द्यायचंय."

"ज्यांनी म्हटलं, त्यांनी एकदा म्हटलं असेल. खुर्चीत बसून. यांनी अठ्ठावीस वर्षं पाळलं. राग गिळताना मी बघितलंय त्यांना, घशातून खाली जाताना दिसायचा. म्हणणाऱ्याला ओळ, आणि पाळणाऱ्याला काहीच नाही? असलं कसलं हो तुमचं पुस्तक?"

नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. पिण्यास योग्य असं. माझ्यापुढे मोठा पेच. नाव ठेवावं तर खोटं, काढावं तर तेही खोटंच वाटायला लागलेलं.

आवकजावकांनी बशी खाली ठेवली. "नवा रकाना उघडता येईल," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काढलेलं हे सर्वांत धाडसी वाक्य असावं.

सूनबाईनं त्या दिवशी रजा टाकली. प्रत्येक वाक्याखाली आधी 'म्हणणारे', मग 'ठिकाण आणि साल', मग 'पाळणारे'. आम्ही सगळे बसून एकेका वाक्याला पाळणारं कोण, ते शोधू लागलो. एकशे सत्त्याऐंशी वाक्यांना मिळून चार नावं सापडली. एक शेठजी. दुसरी वाचनालय झाडणारी मावशी. तिसरं नाव बायकोनं स्वतःचं सांगितलं, आणि वाक्य कुठलं ते तिच्यावर सोडण्यात आम्ही शहाणपण मानलं. चौथं वाचनालयातलं मांजर. वाक्य होतं 'शांतता हा वाचनाचा प्राण आहे'. आवकजावकांनी मांजराला हरकत घेतली, पण दुसरं नाव त्यांनाही सुचेना. उरलेल्या ठिकाणी आडवी रेघ ओढली. आणि एकतीस जागी मी हट्टानं आणखी एक ओळ घातली: 'भिंतीवरील चूक: रंगारी'.

"एकदाच लिहून भागलं नसतं का?" बायकोनं विचारलं.

"चूक एकतीसदा केलीय," मी म्हणालो.

शनिवारी वाचनालयाची मागची खोली गच्च भरली. तेराही विद्यार्थी अंघोळ करून, केस चापून बसलेले. शेठजी शेठाणी आणि जावयासह पहिल्या रांगेत, खिशात यादी. मी बाईंच्या हातात पुस्तक दिलं.

बाईंनी एकही सुविचार वाचला नाही. त्यांनी बोट ठेवून फक्त खालच्या ओळी वाचायला सुरुवात केली. एक पान, दुसरं पान. कंस उघडला की आम्ही श्वास धरायचो, बंद झाला की सोडायचो. 'राग गिळणे'पाशी बोट थांबलं. "पाळणारे: टायरवाले शेठजी. कालावधी अठ्ठावीस वर्षे. साक्षीदार: पत्नी." बाईंनी हे मोठ्यानं वाचलं. शेठाणींनी पदर सावरला. शेठजी तडक उठून उभे राहिले.

"मला रागवायचंय," त्यांनी जाहीर केलं आणि यादी काढली. खोली कानात प्राण आणून ऐकू लागली. शेठजींनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, यादीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. मग हळूच माझ्या कानाशी वाकले. "पेंटर, सुरुवात कशी करतात रे?"

ते मला तरी काय ठाऊक! ते तसेच खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी शेवटचं पान मिटलं. "सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी येणार एवढ्यात पुढे म्हणाल्या, "एक राहिलंय. हा 'पाळणारे' रकाना. कुठल्याच पुस्तकात मी असा बघितला नाही. ही कल्पना कुणाची?"

"शेठाणींची, बाई."

"मग त्यांचं नाव कुठाय?"

शंभर प्रती छापून, बांधून समोर पडलेल्या.

"पेनं काढा," बाई म्हणाल्या.

आणि वर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तेरा जण फरशीवर मांड्या घालून बसलो, शंभर प्रती वाटून घेतल्या आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर लिहू लागलो: ''पाळणारे' हा रकाना शेठाणींच्या सांगण्यावरून.' ट्रकवाला जीभ बाहेर काढून लिहीत होता. आवकजावक प्रतींना जावक क्रमांक घालत होते. बाई रांगांतून फिरत काने-मात्रे तपासत होत्या. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. शेठजींनीही पाच प्रती मागून घेतल्या. शेठाणी त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"अहो, तिरकं जातंय."

शेठजी लिहीत राहिले.

"अहो, 'शेठाणी'तला 'ठा' केवढा काढलात! आणि पेन असं धरतात का? आणि त्या कोपऱ्यात..."

"अगं, गप्प बस की जरा! लिहू दे ना मला!"

शंभर पेनं थांबावीत तशी तेरा पेनं थांबली. शेठजी स्वतःच दचकले. त्यांनी तोंडावर हात ठेवला. शेठाणींचा चेहरा मात्र असा उजळला, की विचारू नका.

"बघा!" त्या म्हणाल्या. "आलं की हो तुम्हाला!"

सगळी खोली हसली. शेठजी सर्वांत मोठ्यानं. जावयानं तर टाळ्याच पिटल्या; आपला नंबर चुकला या आनंदात असेल. हसू ओसरेपर्यंत बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

"सव्वासात," त्या म्हणाल्या. "पेंटर, 'पाळणारे'पुढे काय छापलंय?"

"अठ्ठावीस वर्षे, बाई."

"आता ते अपुरं आहे. 'आजच्या सायंकाळी सव्वासातपर्यंत' असं पुढे लिहा. सगळ्या प्रतींत. आणि कंसात."

आम्ही पुन्हा पहिल्या प्रतीपासून सुरुवात केली.